फाईल शेऱ्यांसकट

नवीन गिऱ्हाईक आलं की मी त्याला पहिला प्रश्न विचारते, "तुम्ही शेरे कुठे लिहिता?" समोरचा माणूस बहुधा गोंधळतो. तो आलेला असतो बॅकअपला किती वेळ लागेल, किती जागा लागेल, हे विचारायला. त्याला वाटतं, बाईंच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मग मी त्याला चहा देते आणि पुन्हा तेच विचारते. हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. एका बाईंचं मी नुकसान केलं, त्यातून शिकले. त्या बाईंचे उपकार लिहून ठेवावेत असं फार दिवस मनात होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. सीबीडी बेलापूर तेव्हा अर्धं बांधून झालं होतं आणि अर्धं बांधायचं राहिलं होतं. सरकारी कचेऱ्यांच्या टोलेजंग इमारती उभ्या होत्या, पण त्यांच्यामध्ये गवत माजलेलं असे आणि त्यात म्हशी चरत. आमची कंपनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, आमचे सर आणि मी. सर स्वतःला मॅनेजिंग डायरेक्टर म्हणवत आणि मी स्वतःला सिस्टिम्स इंजिनीअर. ज्या दिवशी खालचा चहावाला वर येत नसे, त्या दिवशी चहा सिस्टिम्स इंजिनीअरच करत असे.

आम्ही एक बॅकअपचा प्रोग्रॅम लिहिला होता. खरं तर मीच लिहिला होता आणि तो विकायचं काम सरांचं. कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली दाबून लहान करायच्या, फ्लॉप्यांवर भरायच्या आणि गरज पडली की परत काढायच्या. काढताना एकेक अक्षर ताडून बघायचं, कमी-जास्त असलं तर बोंब मारायची. हे ताडून बघणं माझ्या विशेष अभिमानाचं होतं. न्हावा शेव्याचे क्लिअरिंग एजंट, तळोज्याचे एक-दोन कारखाने आणि आमच्या शेजारच्या इमारतीतले एक वकीलसाहेब, अशी आमची गिऱ्हाइकं होती. मी चोवीस वर्षांची होते आणि माझं कधी चुकत नाही असं मला वाटायचं.

वकीलसाहेब सातारकडचे. त्यांचा आवाज असा, की ते पहिल्या मजल्यावर फोनवर बोलले की खाली पानवाल्याला केस कळायची. त्यांची बहुतेक कामं खाडीकाठच्या जुन्या गावांतली. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, पण सातबाऱ्यावर नावं आजोबांची, पणजोबांची. मग वारस कोण, कोणाचा मुलगा कोणता, हे कागदावर आणायचं काम साहेब करत. त्यांचा कॉम्प्युटर त्यांनी फोर्टातल्या एका परदेशी बँकेकडून जुन्यात घेतला होता. तेव्हा जिकडेतिकडे असायची ती डॉस सिस्टिम त्यात नव्हती. दुसऱ्याच कुठल्यातरी जातीची सिस्टिम होती, बँकेबरोबर आलेली. आमचा प्रोग्रॅम डॉसचा. पण त्या सिस्टिममध्ये डॉसची एक खिडकी उघडता यायची आणि त्यात तो मुकाट्याने चालायचा, म्हणून मी त्या सिस्टिमकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं.

त्या कॉम्प्युटरवर बसायच्या काकू. साहेब त्यांना बाई म्हणत, मी काकू म्हणायचे. रत्नागिरीकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. साहेबांकडे यायच्या आधी त्यांनी बरीच वर्षं एका सरकारी कचेरीत काढली होती. सरकारी फाईल ज्याने हाताळली आहे त्याला ठाऊक असतं, तिला दोन बाजू असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे आलेले-गेलेले कागद. दुसऱ्या बाजूला टिपणी, म्हणजे त्या कागदांविषयी कोणाला काय वाटतं ते. काकूंनी मला हे एकदा समजावून सांगितलं होतं आणि मी अर्ध्या कानाने ऐकलं होतं.

"कागद सगळे सारखेच दिसतात गो," त्या म्हणाल्या होत्या. "मोठा साहेब कागद वाचत नाही. शेरा वाचतो."

आता त्या परदेशी सिस्टिममध्ये एक सोय होती. प्रत्येक फाईलच्या चित्रावर उंदराचं उजवं बटण दाबलं की एक छोटी वही उघडायची. तिच्या आतल्या एका पानावर त्या फाईलविषयी काहीही लिहिता यायचं. फाईलच्या आत नाही, फाईलविषयी. नाव, आकार, तारीख हे तर सगळ्याच सिस्टिम ठेवतात. ही सिस्टिम म्हणायची, याखेरीज आणखी काय बांधायचं ते बांधा, मी सांभाळते. जाड्या मॅन्युअलमध्ये याला एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट्स असं भारदस्त नाव होतं. काकूंनी मॅन्युअल उघडलं नव्हतं. त्यांना ते कोरं पान दिसलं. ही टिपणीची बाजू असणार, असं त्यांनी ओळखलं आणि लिहायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नाही, कोणाला विचारलं नाही.

गरजही तशीच होती. खाडीकाठच्या गावांत अर्ध्या गावाचं आडनाव एक. त्यातून नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि बापाचंही नाव एकच असलेले दोन-दोन, तीन-तीन पुरुष एका गावात सापडत. फाईलचं नाव आठ अक्षरांचं, त्यात काय मावणार? म्हणून नावापुढे आकडा, आणि आकडा कोणाचा ते शेऱ्यात. काकू मराठीच लिहीत, पण इंग्रजी अक्षरांत. त्यातले काही शेरे मला आजही पाठ आहेत. "हा खाडीकडचा. देवळाकडचा वेगळा." "सही नाही, अंगठा. तोही डावा." "धाकटा भाऊ गोड बोलतो, कागद त्याच्या हाती देऊ नये." "म्हातारीला कमी ऐकू येतं, पण सुनेसमोर मोठ्याने बोलू नये." आणि एक खास, "ह्याला आणि साहेबांना समोरासमोर बसवू नये, दोघेही तापट." साहेबांची अर्धी वकिली या पानांवर चालत होती आणि साहेबांना त्याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

मग साहेबांची डिस्क भरली. नवी मोठी डिस्क बसवायची आणि जुनी आम्ही न्यायची, असं सरांनी त्यांच्याशी ठरवलं. जुन्या साड्या देऊन भांडी घ्यावीत तसा तो व्यवहार. एका शनिवारी सकाळी मी अडतीस फ्लॉप्या घेऊन गेले. सगळ्या फाइली फ्लॉप्यांवर घेतल्या, नवी डिस्क बसवली, तिच्यावर बँकेची ती सिस्टिम चढवली आणि फ्लॉप्यांवरून सगळं परत उतरवलं. प्रोग्रॅमने एकेक अक्षर ताडून बघितलं. जितक्या फाइली गेल्या तितक्या आल्या, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. काकूंनी चार-पाच फाइली उघडून बघितल्या, मजकूर जागच्या जागी होता. त्यांनी कामाच्या कागदावर सही दिली आणि मला कोकमाचं सरबत दिलं. सोमवारी मी जुनी डिस्क आमच्या कॉम्प्युटरला जोडली, झटपट फॉरमॅट केली आणि आमचं थोडं काम तिच्यावर टाकलं.

पंधरा दिवसांनी साहेबांची एक तारीख होती. खाडीकडच्या एका म्हातारीचं वारस म्हणून नाव लागायचं होतं. काकूंनी तिच्या नवऱ्याची फाईल काढायला घेतली तर त्याच नावाच्या दोन. शेरा बघायला गेल्या तर पान कोरं. घाईची वेळ, साहेब दारात उभे. आतला मजकूर वाचून बघायला सवड नव्हती, काकूंनी अंदाजाने एक छापून दिली. कचेरीत सुनावणीला अधिकाऱ्यांनी कागद वाचायला सुरुवात केली. नवऱ्याचं नाव बरोबर, सासऱ्याचं नाव बरोबर. पुढे मुलांची नावं आली तशी म्हातारी उठून उभी राहिली आणि भर कचेरीत म्हणाली, "यो माजा मानूस नाय. यो देवलाकरचा."

सगळे हसले. पुढची तारीख पडली. म्हातारीचं काही बिघडलं नाही, पण साहेबांचं हसं झालं आणि ते त्यांना कधीच सोसत नसे.

त्या दुपारी काकूंचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, एकाच फाईलचा नाही, सगळ्याच फाइलींचे शेरे दिसत नाहीत, पानं कोरी आहेत, तुझ्या त्या कामात काही झालं का? मला शेरा म्हणजे काय तेच कळलं नाही. मी डॉसमध्ये वाढलेली. फाईल म्हणजे नाव, आकार, तारीख आणि आतला मजकूर, याखेरीज फाईलला काही असू शकतं हे माझ्या गावीही नव्हतं. मी शनिवारचा कागद काढला, आकडे बघितले आणि तोऱ्यात सांगितलं, "काकू, एक अक्षर कमी आलेलं नाही. कॉम्प्युटरच्या फाईलला शेरा वगैरे नसतो. तुम्ही एखाद्या वहीत लिहिले असतील आणि आता तुमची गल्लत होतेय."

मग त्या म्हणाल्या, "असेल बाई," आणि फोन ठेवला.

मी पुन्हा कामाला लागले. विसरूनही गेले.

दहा-बारा दिवसांनी सरांनी काही कागद सहीसाठी वकीलसाहेबांकडे पाठवले, ते घेऊन मी गेले. साहेब कोर्टात होते. काकू खाली बसून कपाटाचा तळचा कप्पा उपसत होत्या. पंख्याखाली जुन्या डायऱ्यांचा ढीग. मी विचारलं, काय शोधताय? त्या म्हणाल्या, "तू म्हणालीस ती वही गो. सापडत नाही. घरी माळ्यापर्यंत सगळं बघितलं."

मला आधी हसू आलं आणि मग माझं मलाच कसंसं झालं. अशी कुठली वहीच नव्हती. मी बोलता बोलता ठोकून दिली होती आणि ही बाई बारा दिवस ती शोधत होती.

मग त्या बोलत राहिल्या, डायऱ्यांवरची धूळ पुसत. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की बाई, तुम्ही आता थकलात, महिनाअखेरीपर्यंत या, मग घरी आराम करा. त्यांनी वाद घातला नव्हता. कारण साहेबांचं म्हणणं त्यांना पटलं होतं. त्यांच्या आईला शेवटी विसर पडायला लागला होता. दहा वर्षांपूर्वी विकलेली गाय ती रोज संध्याकाळी शोधायला निघायची, आणि कोणी गाय नाही म्हटलं की म्हणायची, सकाळीच तर मी तिला चारा घातला. काकू म्हणाल्या, मला दिसतंय गो, मी ह्या खुर्चीत बसून ते शेरे लिहिले, पण आईलाही गाय दिसतच होती. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला त्यांच्याकडे बघवेना.

मी म्हटलं, मला ते पान दाखवा तरी. त्यांनी चित्रावर उजवं बटण दाबलं, वही उघडली, पान उलटलं. कोरं पान, वर छापील शीर्षक. ते पान मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी एका फाईलच्या पानावर "चाचणी" असं लिहिलं, आमच्या प्रोग्रॅमने ती फाईल फ्लॉपीवर घेतली आणि परत उतरवली. फाईल जशीच्या तशी आली. पान कोरं. या सगळ्याला तीन मिनिटं लागली असतील. काकू पुन्हा कपाटाकडे वळल्या होत्या, त्यांना मी काय केलं ते कळलं नाही, आणि मी त्यांना सांगितलं नाही. कागद टेबलावर ठेवून निघून आले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

सरांना मात्र जाऊन सांगितलं. सर वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. "अगं, हा बग नाय ना," ते म्हणाले. "आपल्या प्रोग्रॅमला ते दिसतच नाय, तर तो आणनार कुठून? तू उगाच टेन्शन घेऊ नको. आणि तिकडे काय बोलू पन नको."

सरांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. डॉसच्या खिडकीतून बघितलं की फाईल दिसायची, तिला बांधलेलं टिपण दिसायचं नाही. पण एवढं खरं बोलूनही कोणाला तरी वेडं ठरवता येतं, हे मला तेव्हा कळलं. दोन दिवस मी सरांचं ऐकलं. पहिली नोकरी होती आणि ती जायची भीती वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती विकलेली गाय डोक्यातून जाईना, तेव्हा मी साहेबांच्या ऑफिसातून ते जाडं मॅन्युअल मागून आणलं. त्याचा प्लॅस्टिकचा कागदही कोणी फाडला नव्हता.

त्यात लिहिलं होतं की साहेबांकडे होती तसल्या डिस्कवर ही सिस्टिम सगळी टिपणं एका लपवलेल्या मोठ्या फाईलमध्ये एकत्र ठेवते. आणि ती डिस्क मी स्वतःच्या हाताने फॉरमॅट केली होती. पण झटपट फॉरमॅट म्हणजे घराची दारावरची पाटी काढून टाकणं, आतलं सामान बरेचदा तसंच राहतं. मी जुनी डिस्क जोडली आणि डिस्कचा तुकडा न् तुकडा उघडून दाखवणारा एक प्रोग्रॅम घेऊन बसले. डाव्या बाजूला आकड्यांचं रान, उजव्या बाजूला त्याची अक्षरं, बहुतेक निरर्थक. दीड दिवस मी तेच बघत होते. सर दोनदा मागे येऊन उभे राहिले आणि परत गेले. तिसऱ्यांदा आले ते चहा करून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रानात फाईलचं एक नाव दिसलं. त्याच्याखाली, ठिपक्या-चौकोनांच्या गर्दीत, इंग्रजी अक्षरांत मराठी, हा खाडीकडचा, देवळाकडचा वेगळा. पुढे दुसरं नाव, त्याखाली दुसरा शेरा. सिस्टिमने प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर त्याच्या फाईलचं नाव लिहून ठेवलं होतं. मी खुर्चीतच रडले. सरांना वाटलं डिस्क गेली.

काकूंना मी फोन करून वर बोलावलं. तीन मजले चढून त्या आल्या, दम खाल्ला, चष्मा लावला. मी एवढंच म्हटलं, वाचा. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि बोट धरून वाचायला लागल्या. धाकटा भाऊ गोड बोलतो. सही नाही, अंगठा. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. पाच-सहा शेरे वाचून झाल्यावर त्या मागे सरकल्या.

"म्हणजे मी लिहिलं होतं."

"लिहिलं होतं, काकू. माझ्या प्रोग्रॅमने ते उचललंच नाही. मला ठाऊकच नव्हतं."

मग चष्मा काढून त्यांनी मला सरांच्या देखत धारेवर धरलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ठाऊक नव्हतं तर ठाऊक नाही म्हणायचं. तू शिकलेली मुलगी, तू सांगितलंस गल्लत होतेय, मी मान्य केलं. घरी मुलगा माझ्याकडे कसा बघायला लागला होता ते तुला माहीत नाही. गॅस बंद केला का, हे मला दिवसातून चारदा विचारत होता. मी मान खाली घालून ऐकलं. एकेक शब्द मला लागू होता.

मी म्हटलं, आत्ता साहेबांकडे जाऊ आणि सगळं सांगू. त्या म्हणाल्या, आत्ता नको. साहेबांना नुसती हकिकत सांगितली तर ते आणखी तापतील. आधी शेरे जागेवर आण, मग सांग. महिनाअखेरीला आठ दिवस राहिले होते.

पुढच्या सहा दिवसांत मी जितकं शिकले तितकं आधी कधी शिकले नव्हते. डॉसच्या खिडकीतून काही होणार नव्हतं, म्हणून त्या सिस्टिमसाठी प्रोग्रॅम नव्याने मांडला. तो आता प्रत्येक फाईल घेताना सिस्टिमला विचारायचा, हिला काय काय बांधलेलं आहे? जे असेल ते त्या फाईलच्या पाठोपाठ गठ्ठ्यात ठेवायचा. परत काढताना आधी फाईल उभी करायची, मग तिचं टिपण तिला बांधायचं आणि तेही अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. काकू रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर यायच्या आणि तपासायच्या. पहिल्या खेपेला माझी एका घराची चूक झाली आणि प्रत्येक शेरा पुढच्या फाईलला जाऊन चिकटला. सगळ्यांत गरीब बिचाऱ्या माणसाच्या कपाळी "कागद त्याच्या हाती देऊ नये" आलं. काकू हसून हसून दमल्या. मला त्यांचं ते हसणं हवंच होतं.

एक गोष्ट त्यांनीच सुचवली. मी विचारलं होतं, की जिथे उतरवतोय त्या डिस्कवर टिपणं ठेवायची सोयच नसेल तर काय करावं? मी नुसत्या फाइली उतरवून गप्प बसणार होते. त्या म्हणाल्या, गप्प नाही बसायचं, तिथेच तर सगळा घोटाळा झाला. थांबायचं आणि सांगायचं. काय सांगायचं तेही त्यांनीच सांगितलं, "शेरे इथे राहत नाहीत. पुढे जायचं का?" हे वाक्य पुढे कित्येक वर्षं आमच्या प्रोग्रॅममध्ये होतं, इंग्रजीत लिहिलेलं, पण काकूंचंच.

जुन्या डिस्कवरचे शेरे मी नावं जुळवून एकेक करून फाइलींना बांधले. अकरा मिळाले नाहीत. डिस्कच्या त्या भागावर मी आमचं काम टाकून बसले होते. मी काकूंना त्या अकरा फाइलींची यादी दिली आणि म्हटलं, एवढे गेले. त्यांनी यादी हातात घेतली, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि सांगायला लागल्या. मी टाईप करत गेले. अकराच्या अकरा, कुठेही न अडखळता, कोणाचं घर कुठे आणि कोणाची कोणाशी बोलाचाल नाही यासकट. यादी संपल्यावर त्यांनी ती घडी घालून मला परत दिली आणि डब्यातला उरलेला भात खायला घेतला.

महिनाअखेरीला दोन दिवस असताना आम्ही साहेबांसमोर उभ्या राहिलो. म्हणजे मी उभी राहिले, काकू आपल्या टेबलापाशी जाऊन बसल्या. मी सगळं सांगितलं. शेरे कुठे असतात, माझ्या प्रोग्रॅमने ते कसे मागे ठेवले, बाईंची यात काही चूक नाही. मग शेऱ्यांची छापील भेंडोळी त्यांच्यापुढे ठेवली. साहेब कपाळाला आठ्या घालून वाचू लागले. दोन पानं उलटली, तिसऱ्या पानावर थांबले. मला वरून दिसलं, ते कुठे थांबले होते ते. ह्याला आणि साहेबांना समोरासमोर बसवू नये, दोघेही तापट. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं असावं. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की खालचा पानवाला वर बघायला लागला असणार.

"बाई, सोमवारी यायचंय तुम्ही," ते म्हणाले. "आणि त्याच्या पुढच्या सोमवारी बी. कुठे जायचं नाही."

काकूंनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात साहेबांमधला वकील जागा झाला. त्यांनी भेंडोळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, मग हे तेव्हाच का नाही कळलं? शेरे दिसेनात म्हटल्यावर बाईंनी तुला फोन केला असेल की. तेव्हा तू काय सांगितलंस?

खरं सांगायचं म्हणजे गल्लत, वही, सगळं सांगायचं. ते सांगितलं की साहेब सरांना फोन लावणार आणि त्या दिवशीच माझी नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. तरी सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं.

मागून काकूंचा आवाज आला. त्या टाईप करायच्या थांबल्याही नव्हत्या.

"मी फोन नव्हता केला, साहेब. लक्षातच नाही राहिलं माझ्या."

साहेब म्हणाले, "बघा, विसरता ते विसरताच," आणि दुसरी फाईल ओढली. मी काकूंकडे वळून बघितलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. महिनाभर ज्या गोष्टीच्या भीतीने त्यांना झोप लागली नव्हती, तीच त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांसमोर स्वतःच्या नावावर मांडून घेतली होती, आणि त्यांना त्या फोनमधला माझा एकेक शब्द आठवत होता.